मंडळीत सायन्सचे प्रश्न आले की काय करायचं? पाळक, वडील आणि युथ लीडर्ससाठी

प्रश्न साधारण तेच असतात. उत्पत्तीत सहा दिवस लिहिलेत आणि शाळेत विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं शिकवतात, मग खरं काय. आदाम हव्वा खरंच होते का. डायनासोरचं काय. प्रार्थनेनं बरं होतं तर गोळ्या कशाला घ्यायच्या. हे प्रश्न नाहीत अशी मंडळी मला तरी माहीत नाही, काही ठिकाणी ते मोठ्यानं विचारले जातात आणि काही ठिकाणी मुलं ते गुपचूप मोबाईलवर शोधतात आणि मग हळूहळू रविवारी दिसेनाशी होतात.

हे मी पाळक, वडील (म्हणजे मंडळीचे एल्डर), संडेस्कूलचे टीचर आणि युथ लीडर यांच्यासाठी लिहितोय. तुम्ही सायन्सचे असायलाच पाहिजे असं काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की विचारणाऱ्याला त्याच्या प्रश्नासकट मंडळीत जागा देणं हे लीडरचं पहिलं काम, उत्तर त्यानंतर. ही जागा कशी द्यायची ते खाली सांगतो.

आधी ऐका, लगेच उत्तर देऊ नका

कोणी उत्क्रांतीबद्दल विचारलं की आपण लगेच उत्क्रांतीवर बोलायला लागतो. थांबा. त्याला विचारा हा प्रश्न कुठून आला, क्लासमध्ये काही झालं का, कोणाशी वाद झाला का. बऱ्याचदा आत दुसरंच काही असतं, म्हणजे "माझ्या बायोलॉजीच्या मॅडम एवढ्या चांगल्या आहेत, त्यांना मी देवाच्या विरोधातलं समजायचं का" हा खरा प्रश्न असतो, किंवा घरात कोणीतरी आजारी असतं आणि प्रार्थना करून काही फरक पडलेला नसतो आणि त्या दुखण्याला सायन्सचा प्रश्न हे फक्त निमित्त असतं. ते न ऐकता तुम्ही जीवाश्मांवर अर्धा तास बोललात तर तो मान हलवेल आणि निघून जाईल.

"प्रश्न विचारू नकोस, विश्वास ठेव" हे वाक्य तर अजिबात वापरू नका. बायबलमध्येच माणसं देवाला सरळ प्रश्न विचारतात, हबक्कूकचं पुस्तक तर "किती काळ?" याच हाकेनं सुरू होतं. बिरुयातले लोक पौलाचं बोलणं खरंच तसं आहे का हे रोज शास्त्रात तपासून बघायचे आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्याबद्दल त्यांची स्तुतीच आहे. थोमाने शंका घेतली तेव्हा बाकीच्या शिष्यांनी त्याला बाहेर काढलं नाही, आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता, आणि प्रभू तिथे आला.

मग प्रश्न कुठल्या जागेवरचा आहे ते ठरवा

इथे जास्त वेळ द्या, कारण बहुतेक भांडणं हे न ठरवल्यामुळे होतात.

काही गोष्टी विश्वासाच्या गाभ्यातल्या आहेत. देव निर्माता आहे ही एक. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला ही दुसरी, आणि हे १ करिंथ १५ मध्ये पौल सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सांगतो. यावर मंडळी तडजोड करत नाही. पण हेही बघा की आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्यात देव आकाश आणि पृथ्वीचा उत्पन्नकर्ता आहे एवढंच आहे, किती वर्षांत आणि कुठल्या पद्धतीनं हे त्यात नाही. शेकडो वर्षं मंडळी हे म्हणत आली आणि कोणाला त्यात तारीख कमी आहे असं वाटलं नाही.

दुसऱ्या गोष्टी अर्थ लावण्याच्या. पृथ्वी काही हजार वर्षांची मानणारे विश्वासणारे आहेत, दिवस म्हणजे मोठमोठे कालखंड असं मानणारे आहेत, आणि देवाने उत्क्रांतीतूनच निर्माण केलं असं मानणारेही आहेत. तिन्हीकडे प्रभूवर मनापासून प्रेम करणारी माणसं आहेत आणि तुमच्या मंडळीत बहुधा तिन्ही प्रकारचे लोक आत्ताच बसलेत, फक्त कोणी बोलत नाही. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळींवरून हिशोब करून सृष्टीचं वर्ष इसवी सनपूर्व ४००४ काढलं आणि पुढे ते बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं, त्यामुळे पिढ्यानपिढ्या लोकांना ते वचनच वाटलं. उलट १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टीपांमध्ये, जे अतिशय कट्टर विश्वासणारे वापरायचे, उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये प्रचंड मोठा काळ गेला असेल असं लिहिलेलं होतं. बायबलचा अधिकार जोरात मांडणारे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन सेमिनरीचे प्राध्यापक वॉरफील्ड उत्क्रांतीची शक्यता नाकारत नव्हते. तरुण पृथ्वीचं, म्हणजे ती काही हजार वर्षांचीच आहे हे मत एवढं पसरलं ते मुख्यतः १९६० नंतर. हे सांगायचं कारण असं की "खरे ख्रिस्ती नेहमी हेच मानत आले" असं कुठल्याही बाजूनं कोणी म्हणालं तर तुम्हाला शांतपणे इतिहास दाखवता आला पाहिजे.

तिसऱ्या गोष्टी निव्वळ तपासाच्या, जसं की लस काम करते का, एखादा खडक किती जुना आहे. यावर पुलपिटवरून मत देऊ नका. ज्याचं ते काम आहे त्याला विचारा.

वचन स्वतः नीट वाचा, आधीच

सेशनच्या आधी उत्पत्ती १ आणि २ एका बैठकीत वाचा आणि पेन घेऊन बसा. उजेड पहिल्या दिवशी आहे आणि सूर्य चौथ्या दिवशी. पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस नंतर, दुसऱ्या अध्यायात माणूस आधी घडवला जातो. हे मुलांपासून लपवू नका, त्यांना ते सापडणारच आहे आणि तुम्ही लपवलं हेही कळणार आहे. तुम्हीच दाखवा आणि विचारा, लेखकाला इथे काय सांगायचंय? आजूबाजूचे लोक सूर्यचंद्राला देव मानून पूजत होते आणि इथे सूर्यचंद्र देवाने निर्माण केलेले आहेत, तेही चौथ्या दिवशी, हे ऐकणाऱ्याला त्या काळी केवढा धक्का असेल! ज्या मुलाला हे दिसतं त्याच्यासाठी तो अध्याय मोठा होतो.

आणि असं वाचणं सायन्सला घाबरून आत्ता सुरू झालं असं कोणी म्हणालं तर ऑगस्टीन दाखवा. उत्तर आफ्रिकेतल्या या बिशपनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची तक्रार अशी की पृथ्वी, आकाश, तारे यांच्याबद्दल विश्वास न ठेवणाऱ्यांनाही जे पक्कं माहीत आहे त्यावर एखादा ख्रिस्ती शास्त्राचा आधार घेऊन काहीही बोलतो, मग लोक हसतात, आणि नंतर पुनरुत्थानाबद्दल आणि सार्वकालिक जीवनाबद्दल तेच शास्त्र काय म्हणतं ते त्यांनी का मानावं? डार्विनच्या जवळजवळ साडेचौदाशे वर्षं आधी. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनीही उत्पत्तीवरच्या भाष्यात लिहिलं की मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना जसं दिसतं तसं सांगितलं, ज्याला खगोलशास्त्र शिकायचंय त्याने दुसरीकडे जावं.

याच्या उलट काय होतं ते गॅलिलिओच्या वेळी दिसलं. सूर्य थांबला हे यहोशवा १० आणि जग हलणार नाही हे स्तोत्र ९३, अशी वचनं पृथ्वी फिरते याच्या विरोधात वापरली गेली. १६३३ मध्ये त्यांना माघार घ्यायला लावली आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवलं. आज ती वचनं आपण सगळे वाचतो आणि पृथ्वी फिरते हेही मानतो आणि कोणाचा विश्वास जात नाही. युथला हे उदाहरण द्या आणि मग त्यांनाच विचारा की आज आपण अशी कुठली वचनं चुकीच्या कामाला लावतोय का. चर्चा चांगली होते.

इतिहास खरा सांगा, दोन्ही बाजूंनी

चर्च आणि सायन्स कायम लढतच आले ही गोष्ट एवढी पसरली त्यात १८७४ चं ड्रेपर यांचं आणि १८९६ चं अँड्र्यू व्हाइट यांचं पुस्तक यांचा मोठा वाटा आहे. आजचे इतिहासकार ते चित्र मान्य करत नाहीत. मध्ययुगात चर्च पृथ्वी सपाट मानत होतं हे त्यातलंच, प्रत्यक्षात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस आपल्या मुख्य ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणून देतात.

पण गॅलिलिओला "तो गैरसमज होता" म्हणून झाकू नका. अन्याय झाला, १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या बाजूची चूक उघडपणे मान्य केली, आपणही मान्य करायची.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात ते जॉर्ज लेमॅत्र. बेल्जियमचे कॅथलिक प्रीस्ट आणि भौतिकशास्त्रज्ञ, १९२३ मध्ये दीक्षा, १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावतंय असा पेपर, आणि १९३१ मध्ये सगळं एका आदिम अणूतून सुरू झालं ही कल्पना, जिला आपण पुढे बिग बँग म्हणू लागलो. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात हे सायन्स उत्पत्तीला दुजोरा देतंय अशा अर्थाचं बोलले. आपण असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. लेमॅत्र यांना मात्र ते पटलं नाही. थिअरी थिअरीच्या पायावर उभी राहावी, उद्या ती बदलली तर विश्वास तिच्याबरोबर पडू नये, आणि देवाला समीकरणात बसवू नये, अशी त्यांची भूमिका होती. एवढा मोठा विश्वास आणि एवढी मोठी शिस्त एकाच माणसात! म्हणून उद्या कोणी "बिग बँगने बायबल सिद्ध केलं" असं युथ मीटिंगमध्ये जोशात म्हणालं तर त्याला या फादरची गोष्ट सांगा.

मेंडेल मठातले, फॅरेडे आपल्या छोट्या मंडळीत वडील होते, मॅक्सवेलसुद्धा वडील होते, ही नावं जरूर सांगा, पण हुकमी पत्ता म्हणून टाकू नका. मोठा शास्त्रज्ञ विश्वासणारा होता याने विश्वास खरा ठरत नाही, तसंच एखादा नास्तिक होता याने खोटा ठरत नाही. या नावांचा उपयोग एवढाच की मुलीला कळतं, लॅब आणि मंडळी यातलं एक सोडायची गरज नाही.

देवाला मोकळ्या जागेत बसवू नका

"सायन्सला हे सांगता येत नाही, म्हणजे इथे देव आहे" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं आणि ते धोक्याचं आहे. न्यूटन यांना वाटायचं की ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडतात आणि देवाला मधूनमधून त्या सावराव्या लागतात. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी गणिताने दाखवलं की ते बिघाड आपोआप मर्यादेत राहतात. मग देवाचं तिथलं काम संपलं का? जिथे आपलं ज्ञान कमी तिथेच देव ठेवला तर ज्ञान वाढेल तसा तो मागे सरकत जाणार. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांनी हेच १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगातून पत्रात लिहिलं, की देव आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींत शोधायचा नाही, माहीत असलेल्या गोष्टींत शोधायचा.

स्तोत्र १०४ वाचा. सिंहाचे छावे शिकारीसाठी गर्जना करतात आणि देवाकडे अन्न मागतात, दोन्ही एकाच वाक्यात. सिंह स्वतःच पळून शिकार करतो हे स्तोत्रकर्त्याला माहीत होतं हो. कलस्सै १:१७ म्हणतं की सर्व काही ख्रिस्तात अस्तित्वात राहतं, म्हणजे पेशी कशी विभागते हे पूर्ण कळलं तरी त्या जागेवरून तो हटत नाही.

याच्याच जोडीला मुलांना एक सवय लावा. कुठलंही वाक्य ऐकलं की विचारायचं, हा शोध आहे की त्यावरचं कोणाचं मत आहे? विश्व १३८० कोटी वर्षांचं आहे, हा मोजून काढलेला शोध. "म्हणून देव नाही", हे मत, कुठल्याही दुर्बिणीत न दिसलेलं. आणि प्रामाणिकपणे हेही, की "म्हणून देव आहे" हेसुद्धा दुर्बिणीतून थेट येत नाही. आपण विश्वास ठेवतो तो पुनरुत्थित ख्रिस्तामुळे.

प्रत्यक्ष सेशन कसं घ्यायचं

एक बॉक्स ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकू द्या. एका मीटिंगला एकच प्रश्न. आधी संबंधित वचन सगळ्यांनी वाचायचं, मग मंडळीतलाच कोणी डॉक्टर, नर्स, सायन्स टीचर, लॅबमध्ये काम करणारी ताई यांनी त्या विषयात काय माहीत झालंय आणि ते कसं कळलं हे साधेपणानं सांगायचं, मग चर्चा, मग प्रार्थना. या लोकांना आपण एरवी फक्त मेडिकल कॅम्पच्या वेळी शोधतो, त्यांच्या कामाला मंडळीत मान मिळाला की त्यांनाही किती बरं वाटतं ते बघा.

नियम दोनच पुरेत. कोणाच्या तारणावर शंका घ्यायची नाही, आणि कोणाच्या मतावर हसायचं नाही, यात तरुण पृथ्वी मानणारे आजोबाही आले. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा, आणि पुढच्या वेळी खरंच बघून या, नाहीतर त्या वाक्याची किंमत जाते.

व्हॉट्सॲप फॉरवर्ड मात्र तपासल्याशिवाय वापरायचं नाही म्हणजे नाही. नासाच्या कॉम्प्युटरला यहोशवाचा हरवलेला दिवस सापडला, हे खोटं आहे. डार्विनने मरताना पश्चात्ताप केला ही गोष्ट १९१५ मध्ये छापून आली आणि १९२२ मध्ये त्यांच्या मुलीनेच ती खोडून काढली. राक्षसी सांगाड्यांचे फोटो एडिट केलेले असतात. सत्याच्या देवाची बाजू खोट्याने मांडायची गरज नाही, आणि एखाद्या मुलाने तिथल्या तिथे गूगल करून दाखवलं की त्यानंतर तुम्ही पुनरुत्थानाबद्दल काय बोलता ते तो कशाला ऐकेल. ऑगस्टीन हेच सांगत होते.

औषधाचा प्रश्न: इथे चुकायला जागा नाही

पृथ्वीच्या वयावर मतभेद झाले तर कोणी मरत नाही. पण लीडरने "विश्वास ठेव आणि गोळ्या बंद कर" म्हटलं आणि समोरचा इन्सुलिनवर असेल, फिटच्या किंवा टीबीच्या औषधांवर असेल, डिप्रेशनच्या ट्रीटमेंटवर असेल तर जीव जाऊ शकतो. हे कधीही म्हणू नका आणि तुमच्या स्टेजवरून पाहुण्या वक्त्यालाही म्हणू देऊ नका, बोलावतानाच स्पष्ट सांगा.

शास्त्रात दोन्ही शेजारी आहेत. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरी यशया ३८ मध्ये गळूवर अंजिरांचा लेप लावायला सांगितला आहे. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. एलीया झाडाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने आधी त्याला खायला दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं त्यानंतर झालं. याकोब ५ प्रमाणे वडिलांनी जाऊन तेल लावून प्रार्थना करायची, जरूर करायची, आणि नंतर डॉक्टरकडे जायचं असेल तर सोबत जायचं. कोणी बरं झालं नाही तर "तुझा विश्वास कमी पडला" हे तोंडातून निघता कामा नये, आजारी माणसावर अपराधाचं ओझं टाकण्याचा अधिकार कोणी दिला आपल्याला?

वडिलांच्या बैठकीत एकमत नसेल तर

बहुतेक वेळा नसतंच. म्हणून सेशन जाहीर करायच्या आधी वडिलांबरोबर बसा आणि गाभ्यात काय काय येतं ते कागदावर लिहून काढा, ती यादी लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघते. बाकी विषयांवर पुलपिटवरून एकमेकांची टिंगल करायची नाही एवढं ठरलं तरी पुष्कळ. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेत केवढा मोठा वाद होता, तरी पेत्र बोलला, मग बर्णबा आणि पौलाचं सगळ्यांनी गप्प बसून ऐकलं, मग याकोब बोलला, आणि निर्णय पत्रात लिहून माणसांबरोबर पाठवला. आपल्याकडे नेमका शेवटचा भाग राहतो, ठरलेलं लोकांपर्यंत पोचत नाही आणि अफवा पोचतात. आईवडिलांनाही आधी सांगा की काय शिकवणार आहोत, त्यांना पहिल्या सेशनला बसू द्या.

जो वडील सगळ्यात जास्त विरोध करतोय त्याला भीती वाटतेय हे समजून घ्या, त्याला वाटतंय की एक वीट काढली की भिंत पडेल. त्याच्याशी एकट्यात बोला, मीटिंगमध्ये हरवू नका.

बाहेरच्या जगाशी बोलताना

प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल अथेनैत गेला तेव्हा मूर्ती बघून त्याचा जीव आतून तळमळला, पण अरीयपग या तिथल्या सभेत उभा राहिल्यावर त्याने शिव्या घातल्या नाहीत, त्यांच्या वेदीपासून सुरुवात केली, त्यांच्याच कवीची ओळ वापरली, आणि तरीही पुनरुत्थान गाळलं नाही. काही हसले, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि दिओनुस्य आणि दामारी असे काही जण विश्वासात आले. कॉलेजातल्या मुलांना मी हाच अध्याय देतो, कारण त्यांना रोज अशाच ठिकाणी उभं राहायचं असतं. प्रोफेसरला हरवायला पाठवू नका त्यांना. त्या विषयात चांगले मार्क मिळवा म्हणा, उत्क्रांती परीक्षेत नीट लिहा, ती मानता की नाही हा वेगळा प्रश्न, पण जे नाकारायचं तेही आधी समजलेलं असलं पाहिजे.

जीन एडिटिंग, एआय हे विषय आता येतायत. २०१८ मध्ये चीनमध्ये जीन बदललेली बाळं जन्मल्याचं जाहीर झालं तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतला. इथे सायन्स करता येतं का हे सांगतं, करावं का हे नाही, आणि माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे हे आपलं म्हणणं इथे खूप कामाचं आहे. यावर एक वेगळी सिरीज होईल.

आणि सगळे सेशन झाल्यावरही एखाद्याची शंका जाणार नाही, हे धरून चला. यहूदाच्या पत्रात संशयात असलेल्यांवर दया करा असं स्पष्ट लिहिलंय. त्याला क्वायरमधून काढू नका, गिटार वाजवत असेल तर वाजवू द्या, साऊंड बघत असेल तर बघू द्या, घरी जेवायला बोलवा, आणि दर भेटीत "मग, पटलं का?" असं विचारू नका. बॉक्स मात्र तिथेच राहू द्या, आणि आठवड्याला उघडून बघत जा.